सगुणाची शीळ

गोव्यात, चोपड्याला शापोरा नदीच्या काठी, फेरीबोटीच्या धक्क्यापासून जरा वर, विनायकबाबांचं माडांचं भाट होतं आणि त्या भाटात सगुणाचं घर होतं. घर म्हणजे मातीच्या भिंती, वर नळ्यांची कौलं, पुढे अंगणाचं शेणाने सारवलेलं खळं. घर सगुणाच्या आज्याने बांधलेलं, पण जमीन भाटकाराची, म्हणजे विनायकबाबांची. आमच्याकडे अशा माणसाला मुंडकार म्हणतात. मुंडकाराने भाट राखायचं, नारळ पाडायच्या दिवशी हजर राहायचं, भाटकाराकडे कार्य असलं की पाणी भरायचं, आणि त्या बदल्यात त्या जमिनीवर राहायचं. सगुणाचा बाप असाच राहिला. सगुणही तसाच राहत होता आणि त्याचं त्याला फारसं काही वाटत नव्हतं, कारण त्याच भाटात कबुतरांची ढाबळ होती.

कबुतरं विनायकबाबांनी आणली होती. ते बेळगावला कॉलेजात असताना कुणा मिरजेच्या माणसाकडून त्यांनी गिरेबाज कबुतरांच्या दोन जोड्या घेतल्या आणि टोपलीत घालून बसने घरी आणल्या. गिरेबाज म्हणजे उंच उडता उडता मागच्या मागे कोलांट्या घेणारं कबूतर. बाबांनी भाटाच्या मोकळ्या कडेला चिऱ्यांच्या खांबांवर लाकडी ढाबळ बांधून घेतली, थोडे दिवस हौस केली. मग वडील गेले, कारभार अंगावर आला, तशी कबुतरं सगुणाकडे आली. कुणी ती त्याला दिली नाहीत. बाबा यायचे थांबले आणि सगुण जायचा थांबला नाही, एवढंच.

तरुणपणापासून अर्धं आयुष्य सगुणाने ती वाढवली. पिल्लू दाणे टिपायला लागलं की तो त्याला जाळीच्या पिंजऱ्यात घालून ढाबळीच्या छपरावर ठेवायचा. नदी, माड, पलीकडची शिवोली, सगळं त्याने नीट बघून घ्यावं म्हणून. मग उपाशीपोटी थव्याबरोबर सोडायचं. दाणा संध्याकाळी, उडून आल्यावरच. डब्यात बाजरी खुळखुळवत तो शीळ घालायचा, लांब, शेवटाला वर चढणारी, आणि थवा आभाळातून उतरून यायचा.

पहिले काही आठवडे पिल्लू नुसतं उडतं. मग एक दिवस हवेतच शेपटीवर बसल्यासारखं करतं, दचकतं आणि परत थव्यात शिरतं. त्यानंतर पहिली कोलांटी. ही काही त्या पाखराची हौस नसते. उचकी लागावी तशी ती लागते. चांगलं पाखरू कोलांट्या घेत सरळ रेषेत खाली येतं, मध्येच थांबतं आणि पुन्हा वर चढतं. ज्याला थांबता येत नाही ते जमिनीवर आपटतं. चोपड्याला ते नदीत पडायचं. सगुण होडी घेऊन काढायला जायचा आणि बहुतेक वेळा मेलेलंच घेऊन यायचा.

“पडूक सगळींच पडतत,” तो म्हणायचा. “थांबूक शिकवचा लागता.”

ते शिकवणं म्हणजे रोजचं उडणं, बेताचा दाणा, आणि उतावळ्या पाखराला चार दिवस आत ठेवून शांत करणं. एखादं फारच खोल पडायला लागलं तर कितीही देखणं असलं तरी त्याची जोडी लावायची नाही. फेरीत उभी असलेली माणसं संध्याकाळी मान वर करून बघत. कुणी विचारलं तर सांगत, “विनायकबाबांची कबुतरां.” सगुणही तसंच सांगायचा.

त्याची बायको सुमंगला आगरवाड्याची, मिठागरात राबणाऱ्या घरातली. तिला कबुतरांचा राग नव्हता. तिला राग होता तो ‘बघू’ या शब्दाचा. विजेची जोडणी घ्यायची तर भाटकाराची संमती लागे. बाबा म्हणत, बघू. मागच्या बाजूला संडास बांधायचा, बघू. स्वयंपाकघरात धूर कोंडतो, एक जनेल, लहानशी खिडकी, पाडू का, बघू. बाबा कधी आवाज चढवत नसत, कधी नाही म्हणत नसत. “सगुण आमच्या घरचाच,” असं चारचौघांत म्हणत. ते ऐकून सगुणाला बरं वाटे आणि सुमंगला घरात निघून जाई.

भाषेच्या आंदोलनाच्या वर्षी, श्रावणात, घराची मागची भिंत पडली. सुमंगला बाहेर विहिरीवर होती म्हणून वाचली. चूल गाडली गेली, वाणसामानाची डबडी मातीखाली गेली. सगुणाने माडाची झापं विणून तिथे आडोसा केला आणि बाबांकडे चिऱ्याची भिंत बांधायची परवानगी मागितली.

“बघू,” बाबा म्हणाले. “चतुर्थी होऊन जाऊ दे.”

चतुर्थी झाली. मग दसरा झाला. त्या वर्षी गोवाभर कोकणी-मराठीवरून सभा होत होत्या, रस्ते अडत होते. बाबा मराठीच्या बाजूने हिरिरीने बोलत आणि त्यांच्याकडे बाहेरगावचे पाहुणे येत. चहा झाला की पाहुण्यांना अंगणात आणून ते हाक मारत, “सगुण, आमची पाखरं दाखव.” सगुण ढाबळ उघडायचा. पाहुणे वाहवा करायचे. घरी यायचा तेव्हा सुमंगला झापांच्या आडोशाला, ओल्या जमिनीवर भात शिजवत असायची. पुढच्या मे महिन्यात गोवा राज्य झालं, गावात मिठाई वाटली गेली, आणि स्वयंपाकघराला अजून झापंच होती.

जूनमध्ये सुमंगला एकटीच पेडण्याला मामलेदाराकडे गेली. मुंडकाराला त्याचं राहतं घर मिळावं असा कायदा होऊन बरीच वर्षं झाली होती, हे तिच्या भावाने, बाबलीने, तिला सांगितलं होतं. ती अर्ज लिहून घेऊन आली आणि सगुणापुढे धरला.

“हंय सही करा.”

“कसली?”

“घर आपल्या नावार करूची.”

“बाबांक विचारलंस?”

“बाबांक किती वर्सां विचारूचा?”

सगुण बराच वेळ कागद धरून बसला. झापांतून पाणी ठिबकत होतं. मग त्याने सही केली, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे जाऊन कबुतरं सोडली. नोटीस जाईपर्यंत तो रोज बाबांच्या समोरून गेला, रोज नमस्कार केला, आणि त्याला वाटत राहिलं की आपण काहीतरी चोरून खिशात घातलंय.

नोटीस पोचली त्या दिवशी बाबांनी त्याला सोप्यावर बोलावलं. ते आरामखुर्चीत होते. रागावलेले दिसत नव्हते.

“घर हवं होतं तर माझ्याकडे मागायचंस.”

“भिंतीचा विचारलां होतां, बाब. लायटीचाय.”

“घर मागितलं होतंस?”

सगुण सोप्याची एक पायरी खाली उतरला.

“कायदा तुला घर देईल,” बाबा म्हणाले. “मी वकील लावीन, वेळ लागेल, पण शेवटी देईल. ते तुझं. ढाबळ माझी आहे. चावी दे.”

ढाबळीला रात्री उदमांजराच्या भीतीने कुलूप लागे. चावी सगुणाच्या कडदोऱ्याला असायची. त्याने कडदोऱ्याची गाठ सोडवली.

“दाणो मीच घालीन मरे, बाब. तां काम रवांदे.”

“माणूस लावतो.”

“सोडतलो कोण त्यांका?”

“सोडायची नाहीत,” बाबा म्हणाले. “सोडली की तुझ्या शिळेवर येऊन तुझ्या घरावर बसतील. मग गाव म्हणेल, पाखरंसुद्धा मुंडकाराची झाली.”

सगुणाने चावी खुर्चीच्या हातावर ठेवली. त्यात बाबांचं काही चुकत होतं असं त्याला म्हणता येईना. पाखरं खरंच त्याच्या घरावर येऊन बसली असती.

ढाबळ त्याच्या खळ्यातून दिसायची. मध्ये चार माड आणि एक कुंपण. सकाळी उठला की त्याला घुमण्याचा आवाज यायचा, आणि आवाजावरून त्याला कळायचं कोण अंड्यांवर बसलंय, कोण जागेसाठी भांडतंय. पहिल्या काही दिवसांत एकदा त्याने बाबलीला नदीवरून येताना पाहिलं आणि हाक मारावी तशी सहज शीळ घातली. ढाबळीत एकदम फडफड झाली. सगळी कबुतरं जाळीवर येऊन आपटत होती, एकावर एक, आणि ते किती तरी वेळ थांबलं नाही. कुंपणाजवळ उभं राहून सगुणाने ते बघितलं. त्यानंतर त्याने शीळ घालणं सोडून दिलं. स्वतःच्या खळ्यात तो हळू बोलू लागला.

खटला चालत राहिला. तारीख पडायची, वकील यायचा नाही, दुसरी तारीख पडायची. नारळ पाडायला बाबांनी दुसरी माणसं बोलावली. सगुण पलीकडे शिवोलीला आणि कधी म्हापशाला हमाली करू लागला. बाहेरगावी कायमचं काम मिळत होतं, पण घर सोडून गेला तर हा इथे राहतच नाही असं भाटकाराचा वकील म्हणेल, असं बाबलीने बजावलं होतं. म्हणून तो रोज संध्याकाळी फेरीने परत यायचा. ज्या घरासाठी भांडण होतं त्या घरातून त्याला एक रात्र बाहेर राहता येत नव्हतं.

मग आनंदा आला. कोल्हापूरकडचा, कागल तालुक्यातला. बाबा भाटाच्या वरच्या अंगाला पाहुण्यांसाठी खोल्या बांधत होते, त्या कामावर तो राखणदार होता आणि पत्र्याच्या शेडमध्ये राहायचा. कबुतरांना दाणापाणी घालायचं कामही बाबांनी त्याच्याकडे दिलं. आनंदाच्या गावी घरोघर ढाबळी. आठवड्याभरातच तो कुंपणापाशी आला.

“मामा, ही पाखरं कुनाची?”

“बाबांची.”

“मालकास्नी त्यातलं एक बी वळखू येईना. मी इचारलं. वाढवली कुनी?”

सगुण ढाबळीकडे बघत राहिला. आनंदाला तेवढं पुरलं.

त्यानंतर तो येऊन विचारू लागला. एक मादी स्वतःची पिसं उपटते, काय करू? अंडी फुटतच नाहीत, काय करू? सगुण सांगायचा: मका बंद कर, बाजरी घाल, शिंपल्यांचा चुरा ठेव, पाणी उथळ भांड्यात ठेव म्हणजे ती न्हातील. अशी काही वर्षं सगुणाने कुंपणाच्या अलीकडून, दुसऱ्याच्या हाताने, ती कबुतरं सांभाळली. बाबांना ते माहीत होतं की नाही, कोण जाणे. त्यांनी कधी विचारलं नाही.

एकदा बाबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला गेले. आनंदा चावी घेऊन आला.

“मामा, चला. मी दार उघडतो, तुम्ही शीळ घाला. सांजच्याला परत आत. कुनाला कळायचं न्हाई.”

सगुण गेला. इतक्या वर्षांनी तो ढाबळीत शिरला आणि कबुतरं त्याच्या खांद्यावर, डोक्यावर येऊन बसली. आनंदा हसत दारात उभा राहिला. सगुणाने एक तांबडा नर धरला, एकेकाळचा त्याचा सगळ्यात भरवशाचा, आणि त्याच्या छातीवरून बोटं फिरवली. मग दुसरा धरला. मग एक मादी. छातीचं हाड हाताला लागत नव्हतं. सगळी मऊ चरबी.

“बंद कर,” तो म्हणाला.

“का वो?”

“ह्यांच्या अंगात आता जोर नाय. वर जातली, आनी कोलांटी लागली की थांबूची नाय. सगळी न्हयत पडतली.”

“मग थोडी थोडी सोडू की. दाना कमी करून.”

“रोज सोडूक व्हयी. म्हयनोभर. बाब परवा येतले.”

आनंदाने दार लावून घेतलं. परत येताना त्याने आणखी एक सुचवलं: गावाकडून एक नवी जोडी आणून देतो, तुमच्या घरावर वाढवा. सगुणाने नकारार्थी मान हलवली. नव्या कबुतरांना शीळ घालायची, तर आत ही जाळीवर आपटून मरणार. डबा खुळखुळवला तरी तेच. पुढच्या वर्षी ठेकेदाराने त्याला दुसऱ्या साइटवर नेलं, आणि दाणापाणी कामावरच्या कुणाकुणाच्या हाती गेलं.

निकाल लागला तेव्हा सुमंगलेचे केस पिकले होते. घर आणि भोवतीची थोडी जागा सगुणाच्या नावावर झाली. तिने सहा महिन्यांच्या आत चिऱ्याची भिंत उभी केली, तिला जनेल ठेवलं, आणि घरात बल्ब लागला त्या दिवशी भाज्यांचं खतखतं करून शेजाऱ्यांना जेवायला बोलावलं. सगुण पंगतीत बसला, हसला. दुसऱ्या दिवशी तो बाबांकडे गेला.

“घराचा झाला, बाब. आता भांडण नाय. माका ढाबळीर घ्या. पैशे नको.”

बाबा थकले होते, पण बोलणं तसंच होतं. “घर मला परत लिहून दे. स्वखुशीने सोडलं म्हणून. राहा तिथेच, पूर्वीसारखा. मी काय तुला बाहेर काढणार आहे? आणि चावी घे.”

सगुण घरी आला तेव्हा सुमंगला तांदूळ निवडत होती. त्याने तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

“लिवन दिलास?”

“नाय.”

“देतलास?”

सुमंगला खडे वेचत राहिली.

“तुमका जावचा आसल्यार जावा,” ती म्हणाली. “थंयच ढाबळीत निजा. मी हंयसून हलाचंय नाय.” जरा वेळाने ती म्हणाली, “माकाय आयकू येता ता. तुमकाच येता अशां नाय.”

तेव्हा सगुणाचं लक्ष गेलं. तांदूळ पूर्वी पत्र्याच्या डब्यात असायचे. आता ते मडक्यात होते. केव्हापासून, त्याला आठवेना. डब्यात हात घातला की दाण्याचा आवाज व्हायचा आणि पलीकडे फडफड सुरू व्हायची, म्हणून तिने कधीतरी, कुणाला न सांगता, तांदूळ मडक्यात ओतले होते.

त्याने घर लिहून दिलं नाही. बाबांकडेही परत गेला नाही.

आणखी काही वर्षं अशीच गेली. मग बाबांच्या मुलांनी भाट विकायला काढलं. मुलं पणजीला, कुणाला माडांशी देणंघेणं नव्हतं. एका दुपारी बाबा स्वतः काठी टेकत आले आणि खळ्याच्या कडेला उभे राहिले. सुमंगलेने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. ते उभ्यानेच पाणी प्यायले आणि त्यांनी चावी खुर्चीवरच ठेवली.

“घेणारा ढाबळ मोडणार आहे,” ते म्हणाले. “तू नेलीस तर ने. नाहीतर मजूर रस्सा करतील.”

सगुणाने चावी उचलली. बाबा काठी टेकत परत गेले. ते गेल्यावर सुमंगला म्हणाली, “जनेलाच्या हे बाजूक नको. वास येतलो.” म्हणजे बाकी कुठेही बांधा.

त्याने चिऱ्याच्या भिंतीला, जनेलापासून लांबच्या टोकाला, टेकून ढाबळ बांधली आणि उरलेली कबुतरं टोपलीतून आणली. बरीचशी म्हातारी, काही आत जन्मलेली, आभाळ न बघितलेली. त्याने दाणा कमी केला, मका बंद केला, रोज हाताने छाती चाचपली. दोनेक महिन्यांनी, वारा पडलेला असताना, त्याने आत जन्मलेला एक तरणा नर सोडला.

तो आधी छपरावर बसला. मग उडाला, माडांच्या वर गेला, आणखी वर. सुमंगला पदर डोळ्यांवर धरून बघत होती. नर शेपटीवर बसल्यासारखा झाला आणि कोलांट्या सुरू झाल्या. सुरेख, घट्ट, एका रेषेत. सगुण तोंडातल्या तोंडात “थांब, थांब” म्हणत होता. तो थांबला नाही. ओहोटी होती, सगुण होडी घेऊन अंधार पडेपर्यंत शोधत राहिला, पण पाखरू सापडलं नाही.

घरी येऊन त्याने ढाबळीला कुलूप लावलं.

“आता तुझीच मरे ती,” बाबली दुसऱ्या दिवशी म्हणाला. “कुलूप कित्याक?”

“ह्यांका आता भायर जागो नाय,” सगुण म्हणाला. बाबलीला ते पटलं नाही.

त्या जुन्या कबुतरांना त्याने पुन्हा कधी बाहेर काढलं नाही. पण हिवाळ्यात त्यांच्यातल्या एका जोडीची अंडी फुटली. ती पिल्लं दाणे टिपू लागताच त्याने वेगळी काढली, पिंजऱ्यात घालून छपरावर ठेवली, नदी दाखवली. अडचण त्यांना बोलवण्याची होती. शीळ घातली तर आतली म्हातारी आपटणार. म्हणून त्याने पिल्लांना आवाजाशिवाय शिकवलं. बांबूच्या टोकाला सुमंगलेच्या जुन्या लुगड्याचा पांढरा तुकडा बांधला. तो हलला की दाणा, हे त्यांना समजायला सगळा उन्हाळा गेला. आधी आतल्यांना दाणा घालायचा, ती खाण्यात गुंतली की पिल्लं सोडायची, आणि फडकं हलवून, मुक्याने, खाली आणायची. पुढच्या वर्षी आणखी पिल्लं झाली. छोटासा थवा नदीवर फिरू लागला; रात्री तो जुन्यांच्या ढाबळीशेजारी वेगळ्या खुराड्यात राहायचा.

सगुणाला एकदा ताप आला आणि उठवेना, तेव्हा बांबू सुमंगलेने घेतला. त्याने खाटेवरून, जनेलातून, तिचा हात तेवढा बघितला. थवा वेळेवर उतरला. तिने आतल्यांचं पाणी बदललं, कुलूप लावलं आणि येऊन चुलीपाशी बसली.

“तो काळो आज उशिरा थांबलो,” ती म्हणाली.

“किती उशिरा?”

“माडाच्या शेंड्याखाली गेलो.”

सगुण कुशीवर वळला. “मगे त्येका फाल्यां सोडू नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने काळ्याला धरलं आणि जुन्यांच्या ढाबळीत घातलं.